देवलमरीचे खडक

गोंडपिपरी तालुक्याच्या एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा. चपराळ्याजवळ दोघी भेटतात आणि पुढे प्राणहिता हे एकच नाव उरते. सिरोंचाजवळ गोदावरीला मिळेपर्यंत ती 113 किलोमीटर धावते, डाव्या काठाला गडचिरोली, उजव्याला तेलंगणा. कोलाडला कुंडलिकेवर भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी पाणी सुटते आणि त्यावर काही तासांत राफ्टिंग उरकते. प्राणहितेवर तसे जमत नाही. लहान नावेने ती सबंध उतरायची तर वाळूवर मुक्काम टाकत काही दिवस काढावे लागतात.

दीडशे वर्षांपूर्वी मात्र या पाण्यातून आगबोटी चालवायच्या होत्या.

गोदावरीवर धवळेश्वरमचे धरण 1852 मध्ये पुरे करणाऱ्या आर्थर कॉटन यांचा जलमार्गांवर गाढ विश्वास होता. वऱ्हाड आणि हिंगणघाटचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा थेट बंगालच्या उपसागरापर्यंत उतरवायचा, ही कल्पना त्यांच्याच प्रेरणेची. कॅप्टन हेग यांनी नदी पाहिली, मोजली. 1860 मध्ये निजामाकडून काठचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा हे नव्या जिल्ह्याचे ठाणे झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि या रानातल्या नदीकडे लंडनचे लक्ष वळले. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनीही योजना उचलून धरली.

आड आले ते खडक. दुम्मागुडेम आणि इंचमपल्ली येथे गोदावरीवर दोन, आणि अहेरीकडच्या देवलमरीला प्राणहितेवर तिसरा, असे तीन अडथळे अभियंत्यांनी कागदावर नोंदले. नदी इथे सरळ वाहत नाही. कातळांच्या रांगांमधून तिच्या अनेक धारा फुटतात. एखादी अरुंद घळीत शिरून फेसाळते, शेजारची गुडघाभर पाण्यात पसरून थांबल्यासारखी वाटते. पावसाळ्यात सारे बुडते, पण तेव्हा पुराची ओढ नाव आवरू देत नाही. उन्हाळ्यात नुसता दगड. बाजूने कालवे खणायचे, त्यांना पाणदरवाजे बसवायचे, असे काम सुरू झाले. मजूर, चुना, धान्य सगळे दुरून आणायचे, तेही तापाने पछाडलेल्या जंगलात.

1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापसाला मुंबईची बारमाही वाट मिळाल्यावर वर्षातले काही महिनेच चालणाऱ्या जलमार्गावर पैसा घालायला सरकार राजी राहिले नाही. 1871 मध्ये काम थांबवले गेले.

काठच्या माणसांनी या खडकांना अडथळा मानून कधी नदी सोडली नव्हती. त्यांचा डोंगा एका खोडातून कोरलेला असतो, लांब आणि चिंचोळा. उथळात तो बांबूने रेटायचा, दगड आला की उतरून हातांनी ओढायचा आणि पलीकडच्या डोहात पुन्हा सोडायचा. गडचिरोलीत पूल नसलेल्या ठिकाणी असे दोन डोंगे शेजारी बांधून त्यावरून मोटारसायकलही पलीकडे नेतात. हे कसब सरकारी अहवालांच्या आधीचे आहे आणि ते नोंदवून ठेवण्याची निकड मोठी आहे, कारण पूल होतील तसे डोंगे कोरणारे हात कमी होत जातील.

गोदावरीच्या संगमाखाली मेडीगड्ड्याचा बंधारा 2019 मध्ये झाला आणि 2023 मध्ये त्याचे काही खांब खचले. वर देवलमरीला मात्र पूर ओसरला की काळे कातळ पुन्हा डोके वर काढतात आणि पाणी त्यांच्यामधून वाट काढते.