न दिसणारी आग

१४ एप्रिल म्हटले की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते. त्याच दिवशी देशभरचे अग्निशमन जवान आपल्या हुतात्म्यांना मानवंदना देतात, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज उभे होते. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि कराचीहून भरलेल्या ८७०० कापसाच्या गाठी. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. पाणी मारणे सुरू झाले, पण दाट धुरात आगीचे मूळ सापडेना. ९०० टनांहून अधिक पाणी ओतले, तरी ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज फुटले. पाठोपाठ दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, त्यात ६६ अग्निशमन जवान.

कापूस आतल्या आत धुमसतो, हे आम्हा यवतमाळकरांना वेगळे सांगायला नको. लहानपणी घराजवळच जीन होते. तिथला चौकीदार कापसाच्या गंजीत सळई खुपसायचा, थोड्या वेळाने काढून हात लावून पाहायचा. म्हणायचा, "गुरुजींच्या पोरा, जाळ दिसला म्हणजे उशीर झाला."

माझा पुतण्या कारखान्यांत ज्वाला ओळखणारी यंत्रे बसवतो. ज्वालेतून निघणारे अतिनील आणि अवरक्त किरण हे यंत्र टिपते. परवा त्याला विचारले, "असे यंत्र त्या जहाजावर असते तर?"

"काका, त्याला ज्वाला समोर दिसावी लागते," तो म्हणाला. "मध्ये गाठ आली की संपले. दाट धूर अतिनील किरण अडवतो. काचेवर तेलाचा थर, धूळ, रुईचे तंतू बसले तर नजर मंदावते. अंतर दुप्पट झाले की पोचणारे किरण चौथ्या हिश्श्यावर येतात. उलट जवळ वेल्डिंग चालू असेल तर आग नसताना घंटा वाजू शकते. आणि धुमसणाऱ्या कापसात तर ज्वालाच नसते."

मी गप्प झालो. त्या ६६ जणांनाही डोळे होतेच की.

हे लिहायचे कारण वेगळेच. भाव वाढेल या आशेने आपले कितीतरी नातलग राहत्या घरातच कापूस भरून ठेवतात. बाबांनो, त्या खोलीत चूल, विडी, उघडी वायर नको. ढिगातून करपट वास आला किंवा हाताला ऊब लागली, तर जाळ दिसण्याची वाट पाहू नका. आधी लेकराबाळांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.