अर्धे कंद

डेलिया म्हटलं की बऱ्याच जणांना आठवतो तो रेस्ट हाऊसचा बगीचा. गेरू लावलेल्या कुंड्यांची रांग, ताटलीएवढं फूल, त्याला काठीचा आधार... आणि वास शून्य! गजऱ्यात ओवता येत नाही, देवाला सहसा कुणी वाहत नाही, उन्हाळा लागला की झाड मातीच्या वर दिसतसुद्धा नाही. मोगरा, शेवंती, झेंडू यांच्या पंगतीत या पाहुण्याला बसवायचं तरी कुठे?

तरीही गेली अनेक वर्षं हा पाहुणा माझ्या पुण्यातल्या गच्चीवर मुक्कामाला आहे. आणला तो जालन्याच्या मैत्रिणीने. शाळेपासूनची मैत्रीण. तिचं सासर बदनापूर तालुक्यात, मोसंबीची बाग आणि कापसाचं रान असलेलं घर. लग्नानंतर आमची गावं बदलली, पण बाग मात्र आम्ही दोघींनी मिळूनच केली. निम्मी तिकडे, निम्मी इकडे. हे "निम्मं-निम्मं" प्रकरण आमच्या डोक्यातून निघालेलं नाही, ते या झाडाच्या स्वभावातच आहे, आणि त्याच्या इतिहासातही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी स्वभाव सांगते. डेलियाचं बी धरतं, उगवतंही. पण लाल फुलाच्या बियातून लालच येईल याची खात्री नाही. बागेतल्या डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नाही तर आठ संच असतात, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवा पत्त्यांचा डाव! हुबेहूब तेच फूल हवं असेल तर छाटकलम करा, नाही तर कंद वाटून लावा. रताळ्यासारख्या कंदांचा जमिनीखाली गड्डा होतो. तो धारदार सुरीने कापायचा, पण प्रत्येक तुकड्याला वरच्या बाजूचा थोडा बुंधा आणि त्यावरचा डोळा आला पाहिजे. डोळा नसलेला कंद कितीही गुटगुटीत असला तरी त्याला कोंब येत नाही. आणि न वाटता तोच गड्डा वर्षानुवर्षं लावत राहिलात तर फुटव्यांची गर्दी होते, फुलं बारीक पडतात. म्हणजे वाटणं हा इथे दानधर्म नाही, मशागतीचा भाग आहे.

जालना हे तर बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे एकेक करत कितीतरी बियाणे कंपन्या इथे उभ्या राहिल्या. संकरित बी दर वर्षी नवं घ्यावं लागतं हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक, कारण घरचं राखून पेरलं तर पुढची पिढी तशीच निपजत नाही. माझी मैत्रीण म्हणते, "कापसाचं बी दुकानातून आणायचं, डेलियाचा कंद माणसाकडून." एका वाक्यात तिने दोन्ही पिकांचं शास्त्र सांगून टाकलं आहे!

आता या झाडाचा प्रवास. मूळ गाव मेक्सिकोचे डोंगराळ पठार. तिथे पावसाळ्यात वाढायचं, फुलायचं आणि कोरडे महिने मातीखाली झोपून काढायचे, हा त्याचा क्रम. कंद आहे तो त्यासाठीच. सोळाव्या शतकात स्पेनच्या राजाने पाठवलेल्या फ्रान्सिस्को हर्नांडेझ या वैद्याने तिथल्या वनस्पतींची नोंद केली, त्यात डेलियाही आहे. स्थानिक नावांचा अर्थ पोकळ देठ, पाण्याची नळी असा सांगतात. पण झाड युरोपात पोचायला आणखी दोनशे वर्षं गेली. १७८९ मध्ये मेक्सिकोच्या वनस्पती उद्यानातून बी माद्रिदला आलं आणि तिथल्या कावानिलीस या पाद्री-वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये त्याला नाव दिलं ते स्वीडनच्या आंद्रेस डाल याच्यावरून. हा डाल लिनियसचा शिष्य. तो १७८९ मध्येच वारला होता. ज्याच्या नावाने हे फूल जगभर ओळखलं जातं, त्याच्या हयातीत ते युरोपात फुललंच नव्हतं.

इंग्लंडमध्ये १७९८ मध्ये लेडी ब्यूट यांनी ही झाडं नेली, पण ती टिकली नाहीत. १८०४ मध्ये लेडी हॉलंड यांनी माद्रिदहून पुन्हा बी पाठवलं, तेव्हा कुठे पाय रोवला. त्याच सुमारास हम्बोल्टनेही मेक्सिकोहून युरोपला बी पाठवलं. आमच्या जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांची लढाई झाली, तेव्हा हा हम्बोल्ट मेक्सिकोतच फिरत होता. इकडे तोफा चालू होत्या आणि तिकडे कुणीतरी फुलांचं बी गोळा करत होतं, असं शेजारी-शेजारी मांडलं की इतिहास जरा वेगळा दिसतो.

याच काळातली एक आख्यायिका मला फार आवडते. नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिने मालमेझोंच्या बागेत डेलिया लावले होते आणि त्यांचा तिला भारी अभिमान. कुणालाही एक कंद द्यायला तयार नव्हती. मग दरबारातल्या एका बाईने आपल्या पोलिश मित्राकरवी माळ्याला पैसे चारून कंद मिळवले, आणि पुढच्या हंगामात तिच्याही बागेत तीच फुलं! जोसेफिन इतकी चिडली म्हणे, की तिने आपल्या बागेतून डेलियाच काढून टाकले. खरं-खोटं देव जाणे. पण फूल फक्त आपल्याकडेच असावं या हट्टापायी ते आपल्याकडेही उरलं नाही, ही गोष्ट मनुष्यस्वभावाला धरून आहे खरी.

याच्या उलट दुसरी गोष्ट १८७२ सालची. मेक्सिकोहून हॉलंडला कंदांची एक पेटी आली. लांबचा प्रवास, बहुतेक सगळं कुजलेलं. एकच कंद जगला. त्याला आलं गडद लाल फूल, टोकदार आणि कडेने वळलेल्या पाकळ्यांचं. तसं कुणी पाहिलंच नव्हतं. मेक्सिकोचे अध्यक्ष हुआरेझ यांचं नाव त्याला दिलं. आज ज्यांना कॅक्टस डेलिया म्हणतात त्यांचं मूळ म्हणजे हा कंद. तो पुन्हापुन्हा वाढवला गेला, इतर जातींशी त्याचा संकर झाला, म्हणून ते घराणं उरलं. नाही तर एका कंदाची गोष्ट एका हंगामात संपली असती.

आपल्याकडे डेलिया आला तो कलकत्त्याच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीमार्फत. बागकामाच्या पुस्तकांत १८५७ साल दिलेलं असतं. या सोसायटीचा संस्थापक आपल्या ओळखीचा निघतो बरं का! विल्यम कॅरी. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापणारा तोच कॅरी. १८२० मध्ये त्याने ही सोसायटी काढली. एकाच माणसाला शब्द आणि झाडं दोन्ही गोळा करायची हौस असावी याचं मला नवल वाटत नाही. पुढे रामकृष्ण मिशनच्या स्वामी विनयानंदांनी डेलियाच्या कितीतरी नव्या जाती घडवल्या.

आता जालन्याकडे येते. "जालना सोने का पालना" ही म्हण आमच्याकडे सगळे ऐकवतात. जुन्या गॅझेटियरमध्ये जालन्याच्या बागांची फळं हैदराबाद-मुंबईला जात अशी नोंद आहे. पण इथल्या बागांचा इतिहास हा खरं तर पाण्याचा इतिहास आहे. मोती तलाव, त्याचं पाणी गावातल्या हौदांत खेळवणारे जमिनीखालचे नळ, नंतर निजामाच्या काळातला घाणेवाडी तलाव. पाणी अडवणारा कुणी होता तेव्हा बाग होती.

२०१२ मध्ये पाऊस रुसला. त्या वर्षीचा जालन्याचा दुष्काळ आमच्या नातेवाइकांना सांगायला नको, सगळ्यांनी भोगलाय. गावात नळाला कित्येक दिवसांनी पाणी, खेड्यांत टँकर, आणि मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. मैत्रिणीच्या घरची बागही गेली. पंधरा-सोळा वर्षांची झाडं तोडून सरपण झालं. अशा वेळी फुलझाडाचं नाव तरी कुणी काढावं का?

डेलियाचा कंद कोरड्या वाळूत उन्हाळा काढतो. मार्च-एप्रिलमध्ये काढायचा, सावलीत सुकवायचा, वाळूच्या माठात ठेवायचा. पाणी लागत नाही. पण त्याच्या झोपेला मर्यादा आहे. पावसाळा सरल्यावर लावला नाही, तर दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तो सुरकुतून मरतो. तिच्यापुढे तोच पेच होता. लावायला पाणी नाही आणि ठेवायला वेळ नाही. सप्टेंबरात मी गेले होते तेव्हा तिने माठ उपडा केला, प्रत्येक रंगाचे कंद मोजून दोन ढीग केले आणि एक माझ्या पिशवीत भरला. म्हणाली, "अगं, इथं सगळेच गेले तर मग मागायचं कुणाला?"

तिच्या घरचा बोअर आटला होता, पुढे काय हे माहीत नव्हतं, आणि ही बाई कंदांना ओल्या फडक्याने पुसून त्यांवर रंगांच्या चिठ्ठ्या बांधत होती. त्या वेळी मला ते थोडं वेडेपणाचं वाटलं. आता वाटतं, बाग गेलेल्या माणसाला पुढच्या वर्षाचं काहीतरी हातात हवं असतं.

तिच्याकडच्या ढिगातले दोन कंद भांडी विसळलेल्या पाण्यावर तगले, बाकीचे गेले. पुण्यात गच्चीवर मात्र जानेवारीत सगळे रंग फुलले. चहाच्या बशीएवढी फुलं होती, तिच्याकडच्यासारखी ताटलीएवढी नव्हेत. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. मी गड्डे फोडले, डोळे पाहून तुकडे केले आणि निम्मे तिला पोचते केले. तिने ते मोजून घेतले! काही वर्षांनी माझ्याकडे एका पावसाळ्यात माठात ओल शिरली आणि पिवळ्या रंगाचे सगळे कंद कुजले. तो पिवळा मग जालन्याहून परत आला. तोच पिवळा. बियातून आलेला दुसरा कुठला नव्हे.

मोसंबीची नवी बाग तिच्या मुलाने ठिबकवर लावली आहे. दसऱ्याच्या आसपास आमची देवाणघेवाण अजून चालते. सोन्याच्या पानांबरोबर कंदांची पिशवी. फोनवर बोलणं होतं ते शेंडा कधी खुडला, कळ्या किती ठेवल्या, मावा आला का, असलंच. सुखदुःखाच्या गोष्टी त्यातच कुठेतरी सांगून होतात. तिच्या नवऱ्याच्या आजारपणाची बातमी मला अशीच कळली होती. यंदा काठ्या लावायला माणूस नाही, असं ती म्हणाली तेव्हा.

असो. यंदा माझ्याकडे लाल आणि जांभळे जरा जास्त झाले आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणाला हवे असतील तर गणपती उठल्यावर कळवा, देईन. अट एकच. पुढच्या वर्षी गड्डा फोडाल तेव्हा निम्मे दुसऱ्या गावातल्या कुणाला तरी द्यायचे. शेजारी नको, दुसरं गाव हवं. पाऊस सगळीकडे एकाच वर्षी रुसत नाही.