शिक्षकांचा पगार कोण ठरवतो?

इथे घर घेताना आपण सगळे आधी एकच चौकशी करतो: शाळा कशी आहे? शाळा चांगली म्हणजे शिक्षक चांगले, हे ओघाने आलेच. पण त्यांचा पगार ठरतो कसा, हे आपण सहसा विचारत नाही. मास्टर्स करायला आलो आणि कन्सल्टिंगमध्ये स्थिरावलो, तरी मलाही हे ठाऊक नव्हते. विस्कॉन्सिन राज्याचा इतिहास वाचला आणि बरेच उलगडले.

सरकारी नोकरांच्या युनियनला वाटाघाटीचा हक्क देणारा पहिला राज्य कायदा विस्कॉन्सिनने १९५९ मध्ये केला. संपाला मात्र बंदी होती. मार्च १९७४ मध्ये हॉर्टनव्हिल या छोट्या गावातले शिक्षक करार होईना म्हणून संपावर गेले. स्कूल बोर्डाने ८४ जणांना काढून टाकले आणि नवे शिक्षक आणले. १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही बोर्डाच्या बाजूने निकाल दिला.

शिक्षक हरले, पण त्यानंतर राज्याने तोडगा काढला. १९७८ पासून बोलणी फिसकटली की लवाद बसू लागला. दोन्ही बाजूंनी आपला शेवटचा प्रस्ताव द्यायचा आणि लवादाने त्यांतला एक जसाच्या तसा निवडायचा. अवाच्या सवा मागितले तर समोरच्याचे मान्य होणार, म्हणून दोघेही बेताने मागत. शिक्षकांचे संप जवळजवळ थांबले.

२०११ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी बजेटमधली तूट पुढे करून 'ॲक्ट १०' आणला. मॅडिसनच्या शिक्षकांनी आजारपणाची रजा टाकली, शाळा काही दिवस बंद राहिल्या. विरोधी पक्षाचे १४ सेनेटर इलिनॉयला निघून गेले. तरी कायदा झालाच. लवाद गेला. युनियनला फक्त मूळ पगारावर बोलता येऊ लागले, तेही महागाईच्या दरापुरते. पोलीस आणि अग्निशमन दलाला मात्र वगळले.

पुढे बऱ्याच डिस्ट्रिक्टनी ठरावीक वेतनश्रेणी सोडली. अर्थतज्ज्ञ बार्बरा बिआसी यांना आढळले, की अशा ठिकाणी अधिक परिणामकारक शिक्षकांचे पगार वाढले आणि तसे शिक्षक तिकडे जाऊ लागले. पण हेदर सार्सन्स यांच्यासोबतच्या त्यांच्या अभ्यासात दुसरी बाजूही दिसली: तरुण शिक्षिका तितक्याच अनुभवाच्या पुरुषांपेक्षा पगारात मागे पडल्या. त्या घासाघीस कमी करत होत्या. आम्हा आयटीवाल्यांना एकेकट्याने पगार ठरवून घेण्याची सवय असते. पण चांगले शिकवणे आणि चांगली घासाघीस करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये डेन काउंटीच्या न्यायाधीशांनी या कायद्याची बरीच कलमे घटनाबाह्य ठरवली, त्यावर अपील झाले. म्हणजे संप थांबले तरी वाद मिटला नाही. आधी तो लवादापुढे गेला, मग एकेका शिक्षकाच्या पगाराच्या बोलणीत शिरला.

आपल्या गावच्या स्कूल बोर्डाच्या सभा सर्वांना खुल्या असतात. मुलांच्या मार्कांची चौकशी आपण करतोच. एकदा तिथेही जाऊन बसावे.