लघवीची नळी, वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेतील

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, गॅस्ट्रिक बायपास अशा स्थूलतेवरील शस्त्रक्रियांच्या वेळी मूत्राशयात घालून ठेवलेली आणि लघवी बाहेरच्या पिशवीत नेणारी रबरी किंवा सिलिकॉनची नळी. रुग्णालयात तिला सर्रास कॅथेटर म्हणतात. पूर्वी ही शस्त्रक्रिया ठरली की नळीही ठरलेलीच असे. आता दुर्बिणीतून तास-दोन तासांत आटोपणाऱ्या स्लीव्हसाठी अनेक शल्यचिकित्सक ती घालतच नाहीत. घातलीच तर रुग्ण भुलीतून बाहेर येण्याआधी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी काढून टाकतात. हा बदल योग्य दिशेने झालेला आहे.

वापरात असते ती फोली जातीची नळी. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातले मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली (1891–1966) यांनी प्रॉस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव दाबून धरण्यासाठी फुगा असलेली नळी 1929 मध्ये मांडली आणि पुढच्या दशकात तिला आजचे रूप दिले. पेटंटच्या वादात ते हरले. नाव मात्र त्यांचेच राहिले. नळीत दोन मार्ग असतात. एकातून लघवी बाहेर येते, दुसऱ्यातून टोकाजवळच्या फुग्यात पाणी भरतात. मूत्राशयात फुगलेला हा फुगाच नळीला निसटू देत नाही. त्यासाठी साधारण 10 मिलि. निर्जंतुक पाणी लागते. सलाइन वापरत नाहीत, कारण त्यातले मीठ साचून बारीक मार्ग बुजला तर काढायच्या वेळी फुगा रिकामा होत नाही. नळीची जाडी मोजण्याचे माप पॅरिसमधील शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणाऱ्या शारिएर यांच्यापासून आले आहे. त्यातला एक अंक म्हणजे मिलीमीटरचा तिसरा हिस्सा. प्रौढांना 14 किंवा 16 नंबरची, म्हणजे सुमारे पाच मिमी. जाडीची नळी पुरते. देह मोठा म्हणून नळीही जाड हवी, हा समज चुकीचा आहे. वजन वाढले म्हणून मूत्रमार्ग रुंदावत नाही.

नळी घालण्याचे मुख्य कारण म्हणून तासागणिक लघवी मोजणे सांगितले जाते. मूत्रपिंडांना रक्त पुरते आहे का, सलाइन कमी पडते आहे का, याचा अंदाज त्यावरून घेतात. दर किलोमागे तासाला अर्धा मिलि. लघवी व्हावी, हा नेहमीचा ठोकताळा. पण तो कोणत्या वजनाला लावायचा? 150 किग्रॅ. वजनाच्या रुग्णाला प्रत्यक्ष वजनाने तासाला 75 मिलि. लघवी हवी; त्याच्या उंचीला साजेसे वजन 60 किग्रॅ. असेल तर 30 मिलि. पुरेशी. दुसरा हिशेब वास्तवाला अधिक धरून आहे. पहिला धरला, तर ठीकठाक चाललेल्या रुग्णालाही सलाइनवर सलाइन चढत राहते.

शिवाय दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हा आकडा मुळातच फसवा असतो. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून दाब साधारण 15 मिमी. पाऱ्याइतका ठेवतात. त्या दाबाने मूत्रपिंडे आणि त्यांच्या शिरा दबतात, शरीरात पाणी धरून ठेवणारी संप्रेरके वाढतात आणि लघवी रोडावते. वायू सोडल्यावर काही तासांत ती आपोआप पूर्ववत होते. इस्रायलमधील इडिट माटोट आणि सहकाऱ्यांनी याचीच परीक्षा घेतली. वजन घटवण्याच्या दुर्बिणीतल्या शस्त्रक्रियेत एका गटाला तासाला किलोमागे 4 मिलि., दुसऱ्याला 10 मिलि. द्रव दिला; शस्त्रक्रियेदरम्यानची लघवी दोन्ही गटांत कमीच राहिली आणि जास्त द्रवाने ती वाढली नाही. हा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या आकड्यासाठी नळी घालायची, तो आकडा नेमक्या याच शस्त्रक्रियेत फारसे काही सांगत नाही. उलट बाजूनेही फसगत होते. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या रुग्णाच्या लघवीतून साखर जाते आणि तिच्यामागे पाणीही. पिशवी भरलेली दिसते, पण शरीर कोरडे पडत असते. या गोळ्या शस्त्रक्रियेआधी किमान तीन दिवस बंद करतात, त्यामागे रक्तात आम्ल वाढण्याचा धोका हे मोठे कारण आहे. कोणती गोळी नेमकी कधी थांबवायची, हे डॉक्टरांकडूनच विचारून घ्यावे.

मूत्राशय रिकामे ठेवून जागा मोकळी करणे हे दुसरे कारण ओटीपोटातल्या शस्त्रक्रियांना लागू आहे. इथे छिद्रे पोटाच्या वरच्या भागात असतात. शस्त्रक्रियागृहात नेण्याच्या अगदी आधी रुग्णाने लघवी करून येणे बहुतेक वेळा पुरते.

तरीही काही रुग्णांना नळी हवीच. आधीची शस्त्रक्रिया बदलून नवी करायची असेल आणि ती लांबणार असेल, पोट उघडावे लागले असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्तदाब डळमळत असेल, तर तासाची लघवी कळायला हवी. फार जड रुग्ण टेबलावर बराच वेळ एकाच स्थितीत राहिला, तर नितंबांचे व पाठीचे स्नायू स्वतःच्याच भाराखाली चिरडले जातात. त्यातून सुटलेले द्रव्य मूत्रपिंडांना इजा करते. अशा वेळी पिशवीतली लघवी काळ्या चहासारखी दिसू लागते आणि ते पहिले लक्षण ठरू शकते. याउलट लघवी हिरवी-निळी दिसली तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. टाके गळत नाहीत ना, हे तपासायला पोटात मिथिलीन ब्लू हा रंग सोडतात. त्यातला काही शोषला जाऊन लघवीवाटे बाहेर पडतो. नातेवाइकांना हे आधी सांगून ठेवलेले बरे.

नळी सहसा भूल दिल्यानंतर घालतात, त्यामुळे घालतानाचे दुखणे रुग्णाला कळत नाही. घालणाऱ्याचे काम मात्र सोपे नसते. स्त्रियांमध्ये मांड्या व भगोष्ठ बाजूला धरायला दुसरी व्यक्ती लागते. पुरुषांमध्ये ओटीपोटाखालच्या चरबीत शिश्न दडलेले असते, ती चरबी दाबून धरावी लागते. एकट्याने उरकण्याच्या घाईत नळीचा स्पर्श भलतीकडे होतो आणि निर्जंतुकता तिथेच संपते. दोघांनी मिळून ती घालावी, हा साधा नियम आहे. लॅटेक्सची ॲलर्जी असल्यास ती आधी सांगावी, म्हणजे सिलिकॉनची नळी वापरता येते. नळी मांडीखालून न नेता मांडीवरून नेऊन चिकटवतात. जड मांडीखाली ती दबली तर लघवी तुंबते, आणि कातडीला तासन्‌तास टोचत राहिली तर तिथे व्रण होतो. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता टांगलेली असावी. स्ट्रेचरवरून नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवण्याची सवय फार दिसते. ती वाईट, कारण पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते.

शुद्धीवर येताच अनेकांना, विशेषतः पुरुषांना, जोराची लघवी लागल्यासारखे वाटते. मूत्राशय रिकामे असते. आतला फुगा टोचत असतो. ‘सिस्टर, मला बाथरूमला जाऊ द्या’ असे म्हणत रुग्ण नळी ओढू पाहतो. फुगलेल्या फुग्यासकट नळी ओढली गेली तर मूत्रमार्ग आतून फाटतो. हे होईल याची कल्पना आदल्या दिवशी दिलेली असली, तर धडपड बरीच कमी होते.

नळी लवकर काढण्यामागे संसर्गाचे कारण आहेच. नळी असलेल्या दर दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याची शक्यता 3 ते 7 टक्क्यांनी वाढते. म्हणूनच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2009 च्या मार्गदर्शनात शस्त्रक्रियेनंतर शक्यतो 24 तासांच्या आत नळी काढावी असे म्हटले आहे. पण या रुग्णांच्या बाबतीत चालणे हे त्याहून मोठे कारण मानायला हवे. स्थूल व्यक्तीच्या पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हे शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे, आणि ते टाळण्यासाठी त्याच संध्याकाळी रुग्णाला उठवून चालवतात. नळी असलेला रुग्ण उठायला नाखूश असतो. पिशवी कोणी धरायची, गाऊन नीट बसतो का, समोरून पाहुणे येत नाहीत ना, यातच वेळ जातो. उलट नळी नसेल तर लघवीसाठी का होईना, त्याला उठावेच लागते. नळीने सिस्टर आणि मावशींची बेडपॅनची खेप वाचते हे खरे; पण ती सोय रुग्णाची नव्हे.

काढताना सुईविरहित पिचकारीने फुग्यातले पाणी काढून घेतात आणि नळी हलकेच बाहेर येते. पहिल्या एक-दोन वेळा जळजळते. खरे लक्ष द्यायचे ते सहा ते आठ तासांत लघवी होते का याकडे. भुलीची व वेदनाशामक औषधे, प्रॉस्टेटची वाढ, जुन्या मधुमेहाने मंदावलेले मूत्राशय यांमुळे ती अडू शकते. तेव्हा सोनोग्राफीने साठा पाहतात. पोटावरच्या चरबीमुळे तो अंदाज चुकू शकतो, म्हणून रुग्णाची तक्रारही ऐकावी. साठा 400–500 मिलि.च्या वर असेल तर एकदाच नळी घालून मूत्राशय रिकामे करतात आणि लगेच काढतात.

खोकताना-हसताना लघवी गळण्याचा त्रास स्थूल स्त्रियांमध्ये पुष्कळ आढळतो आणि संकोचाने लपवला जातो. तो नळी ठेवण्याचे कारण नाही. आहार-व्यायामाने वजन घटवलेल्या स्त्रियांवरील 2009 च्या एका अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांत सरासरी 8 टक्के वजन उतरले, आणि गळण्याचे प्रसंग 47 टक्क्यांनी कमी झाले. तुलनेच्या गटात ही घट 28 टक्के होती.

घरी गेल्यावर ताप, थंडी, लघवीत रक्त, सतत जळजळ किंवा लघवी न होणे यांपैकी काहीही झाले तर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. नवे जठर लहान असल्याने पाणी घोटघोट करूनच प्यावे लागते. दिवसाला सुमारे दीड लिटरचे लक्ष्य गाठता आले नाही तर लघवी गडद होते, जळजळते आणि नळीवर खापर फुटते. ती जळजळ थांबवायला सोडा घातलेले फसफसते लिंबूपाणी घेऊ नये. वायूने छोटे जठर ताणले जाते. घरातली आयबुप्रोफेनची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण बायपासनंतर अशा गोळ्यांनी जठर आणि आतड्याच्या जोडावर व्रण होऊ शकतो.