बाजू कोणाची घ्यायची?

मराठी घरांतला सामान्य प्रेक्षक आंतरराष्ट्रीय फुटबॉल बघायला कधी शिकला, हे शोधताना मी १९८६च्या जूनपाशी थांबतो. १९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले होते. १९८३च्या विश्वविजयाने क्रिकेट घरोघरी पोहोचले होते. फुटबॉलच्या विश्वचषकात मात्र आपला देशच नव्हता. मग बाजू कोणाची घ्यायची?

कोल्हापूरला ईर्षा नवी नव्हती. तिथे तालमींचेच फुटबॉल संघ. इतरांना बाजू मिळवून दिली ती दिएगो मॅराडोनाने. मेक्सिकोत भर दुपारी बाराला सुरू होणारे सामने आपल्याकडे रात्री साडेअकराला दिसत. २२ जूनला इंग्लंडविरुद्ध ५१व्या मिनिटाला त्याने हाताने गोल केला. त्यावर भांडायला सगळे नियम ठाऊक असण्याची गरज नव्हती. चारच मिनिटांनी मॅराडोना आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन निघाला आणि वाटेतल्या साऱ्यांना चकवत त्याने दुसरा गोल केला. तो तर कोणी समजावून सांगावाच लागला नाही.

माझ्या मते खरा धडा २९ जूनच्या अंतिम सामन्यात होता. पश्चिम जर्मनीने मॅराडोनाला बराच वेळ जखडून ठेवले, दोन गोलांची पिछाडीही भरून काढली. शेवटची काही मिनिटे उरली असताना त्याने बुरुचागाला एक पास दिला आणि अर्जेंटिना ३-२ने जिंकली. एका माणसासाठी जागणाऱ्या नवख्या प्रेक्षकाला फुटबॉल कळायची वाट इथून सुरू होते : नजर फक्त चेंडूवर नको, मोकळ्या जागेत धावणाऱ्यावरही हवी.