सहकाऱ्यांतील धुसफूस : वेळीच बोला, नेमके बोला

दिवसातील आठ-दहा तास ज्यांच्या सहवासात काढावयाचे, त्या सहकाऱ्यांशी मतभेद होणे अटळ आहे. मार्चअखेरची हिशेबांची धावपळ असो वा रुग्णालयातील पाळीबदल, घाईच्या वेळी उच्चारलेला एखादा तुटक शब्दही मनात अढी निर्माण करतो. मतभेद उघडपणे मांडले गेले, तर कामाच्या पद्धतीत सुधारणा होते. ते साचत गेले, तर अबोला, गटबाजी आणि कधी राजीनामा इथपर्यंत मजल जाते.

गैरसमजाचे मूळ

दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावताना परिस्थितीपेक्षा त्याच्या स्वभावालाच अधिक दोष दिला जातो. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या प्रवृत्तीचे विवेचन केले. सहकाऱ्याने फोन उचलला नाही की तो 'टाळतो' असे वाटते; तो त्या क्षणी वरिष्ठांपुढे उभा असेल, हे ध्यानात येत नाही. लेखी निरोपांनी यात भरच पडते. ई-मेलमधील आपला उपरोध किंवा थट्टा वाचणाऱ्याला कळेल, याविषयी लिहिणाऱ्याला वाजवीपेक्षा अधिक खात्री असते, असे जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली व सहकाऱ्यांच्या २००५ मधील संशोधनात आढळले. साहेबांना प्रत पाठवून केलेली विचारणा तर सरळ तक्रार म्हणूनच वाचली जाते.

खिडकीचा धडा

व्यवस्थापनशास्त्रातील विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ च्या सुमारास संघर्षाचे तीन मार्ग सांगितले : वर्चस्व, तडजोड आणि समन्वय. त्यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. ग्रंथालयाच्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, तर फॉलेट यांना ती बंद हवी होती. अखेर शेजारच्या रिकाम्या खोलीतील खिडकी उघडण्यात आली. एकाला हवा मिळाली, दुसऱ्याच्या अंगावरचा वारा टळला. 'काय हवे' यापेक्षा 'ते कशासाठी हवे' हे विचारल्यानेच ही वाट सापडली.

केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी १९७४ मध्ये पाच पद्धतींची मांडणी केली : स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळणे आणि जुळवून घेणे. यांपैकी कोणतीही सदासर्वकाळ योग्य नाही. क्षुल्लक बाब सोडून देण्यात शहाणपण असते. सुरक्षिततेच्या प्रश्नावर मात्र ठामच राहावे लागते.

संवाद कसा साधावा?

* राग शांत होऊ द्यावा. पण बोलणे आठवडेच्या आठवडे लांबवू नये.
* चारचौघांत न बोलता, एकांतात आणि प्रत्यक्ष भेटून बोलावे.
* स्वभावावर न जाता घटना सांगावी. 'तुम्ही नेहमीच उशीर करता' याऐवजी 'गेले तीन शनिवार अहवाल सातनंतर आला, त्यामुळे माझे काम अडले' असे म्हणावे.
* समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून 'मी बरोबर समजलो ना?' असे विचारावे.
* पुढे कोणी काय करायचे, हे ठरवूनच उठावे.

कामाची रचनाही तपासावी

अनेक भांडणांचे मूळ माणसांत नसून अस्पष्ट जबाबदारीत असते. रुग्णालयात पाळी बदलताना एखादी सूचना राहून गेली, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते आणि दोष मात्र परिचारिका व डॉक्टर एकमेकांवर ढकलत राहतात. यासाठी अनेक रुग्णालयांत 'एसबीएआर' ही पद्धत वापरली जाते. सद्यःस्थिती, पूर्वपीठिका, मूल्यमापन आणि शिफारस या क्रमानेच माहिती द्यावयाची, असा तिचा दंडक आहे. तिचा उगम अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत झाला. क्रम ठरलेला असल्याने कनिष्ठालाही वरिष्ठापुढे स्पष्ट बोलता येते.

कायद्याचा आधार

आपसांत तोडगा निघत नसेल, तर वरिष्ठ किंवा मनुष्यबळ विभागाकडे जाताना तारीखवार नोंदी सोबत असाव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे. तीत मालक व कामगार यांचे समान प्रतिनिधी असतात आणि सदस्यसंख्या दहापेक्षा जास्त नसते. वैयक्तिक तक्रार कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत या समितीकडे नेता येते.

लैंगिक छळाला मात्र 'गैरसमज' म्हणून आपसांत मिटविण्याचा आग्रह धरता येत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती आवश्यक आहे. सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते आणि समेटाचा प्रयत्न केवळ पीडित महिलेने विनंती केल्यासच होऊ शकतो. तोही पैशांच्या मोबदल्यात नव्हे.

सहकाऱ्यांत मैत्री असावीच असे नाही. परंतु एकाचे काम दुसऱ्याच्या हाती जाताना विश्वासाने जावे, एवढी अपेक्षा रास्त आहे आणि तो विश्वास वेळीच केलेल्या स्पष्ट संवादावरच टिकतो.