अण्णांचा शेअर

देशाला स्वातंत्र्य कधी मिळालं, असं विचारलं की आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, तारीख-वार बिनचूक सांगायचे. पण "आपल्याला कधी मिळालं?" म्हटलं, की 1950 चा डिसेंबर सांगायचे. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप सुरू झालं.

आमचं गाव प्रवरेच्या पाटावरचं. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. पाटाला पाणी आलं, पण पदरात पैसा काही पडला नाही, असं आत्याबाई म्हणायच्या. ऊस जोमात यायचा. गुऱ्हाळ लागलं की पोरंटोरं दिवसभर चुलवणाभोवती. गरम काकवी आणि बाजरीची शिळी भाकरी, याच्यापुढे आत्याबाईंना पुढे कुठल्याच लग्नातलं पक्वान्न गोड लागलं नाही. मोठ्यांच्या तोंडाला मात्र चव नसायची. गुळाचे भाव कोसळले की ढेपा घरात आणि सावकार दारात. हरेगावच्या बेलापूर कंपनीला कितीकांनी जमिनी खंडाने दिल्या आणि स्वतःच्याच मातीत मजुरी केली. त्या खंडकऱ्यांचं दुखणं पुढे कित्येक दशकं चाललं.

अशा दिवसांत लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील कारखान्याचे शेअर जमवत गावोगाव फिरत होते. शिक्षण बेताचं, पण 1923 सालीच त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढून दाखवली होती. आमच्या पडवीत ते आले होते, एवढ्यावर घरात एकमत. पायी आले असं अण्णा म्हणायचे, घोडीवर असं आत्याबाई. जेवायला भाकरी, मिरचीचा खरडा आणि ताक होतं, हे मात्र आजीने शेवटपर्यंत सांगितलं, कारण घरात तेवढंच होतं आणि तिला त्याची लाज वाटली होती. शेअरच्या पैशांसाठी अण्णांच्या मते बैल गेला, आजीच्या मते तिचे चांदीचे तोडे. बहुधा दोन्ही गेलं असावं. आम्ही नातवंडांनी ना बैल पाहिला ना तोडे.

एका गोष्टीचं मला आजही नवल वाटतं. 1948 साली गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळाली. त्याच वर्षी हा कारखाना नोंदला गेला, आणि प्रवराकाठच्या कुणब्या-माळ्यांनी अध्यक्ष म्हणून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या धनंजयराव गाडगिळांना, म्हणजे एका ब्राह्मणालाच, पुढे केलं. मुंबई सरकारात अर्थमंत्री असलेले वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले. गाडगीळ हिशेब समजावून सांगत आणि कुणी अडलं की पुन्हा सांगत, हे अण्णांचं आवडतं वाक्य. त्यातलं ऐकीव किती आणि पाहिलेलं किती, देव जाणे.

1961 साली पंतप्रधान नेहरू कारखान्याच्या प्रवरानगरला आले. नगरचा जिल्हा त्यांना नवा नव्हता. 1942 पासून जवळजवळ तीन वर्षं ते नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते, आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी तिथेच लिहिलं. अण्णांनी त्यांना गर्दीतून पाहिलं ते एवढंसं, टोपीपुरतं. आत्याबाईंच्या सांगण्यात मात्र नेहरू दर वेळी दोन पावलं जवळ यायचे.

शेतकऱ्यांच्या सहकाराची गोष्ट दुसरीकडे मात्र वेगळ्या वाटेने गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आफ्रिकेत टांगानिका स्वतंत्र झाला. त्याचाच पुढे टांझानिया झाला. किलिमांजारोच्या उतारावरच्या कॉफीवाल्या शेतकऱ्यांचा सहकारी संघ तिथे 1933 पासून होता. देशाचे नेते ज्युलिअस न्येरेरे पेशाने मास्तर, राहणी साधी, तळमळ खरी. पण सत्तरच्या दशकात त्यांच्या सरकारने लाखो माणसांना नव्या गावांत हलवलं, पुष्कळांना जबरीने, आणि 1976 साली शेतकऱ्यांचे संघच मोडीत काढले. भलं करायचं होतं, पण ज्यांचं करायचं त्यांना विचारायचं राहून गेलं. मी हे वाचलं तेव्हा अण्णा नव्हते. असते तर म्हणाले असते, "तोडे कुणाचे गेले ते आधी सांग."

आपल्याकडे सुरुवात खालून झाली, म्हणून ती टिकली. कारखान्यामागून शाळा आल्या, दवाखाना आला. विठ्ठलरावांचे चिरंजीव बाळासाहेब केंद्रात मंत्री झाले, नातू राधाकृष्ण राज्यात. सगळ्या महाराष्ट्रातच कारखान्यांच्या खुर्च्या घराण्यांत फिरू लागल्या. त्याचा सगळा दोष पुढाऱ्यांवर टाकून आपण मोकळे होतो. पण अण्णा वार्षिक सभेला धुतलेलं धोतर नेसून, अहवालावर पेन्सिलीच्या खुणा करून जायचे. त्यांच्यानंतर आमच्या घरातलं कुणी गेलं ते सवलतीची साखर आणायला.

नेता कारखाना उभा करतो, तो राखतो मात्र प्रश्न विचारणारा सभासद. तुमच्याही घरी आजोबांच्या नावचा एखादा शेअर असेल. तो आपल्या नावावर करून घ्या, यंदाचा अहवाल वाचा, आणि सभेत उभं राहून एक तरी प्रश्न विचारा.